देवाची वाटी, माझे पाय

परवा मी देवाच्या वाटीने पाय घासले.

चुकून घासले, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, हा माणूस मुळातच आडदांड. मी आडदांड नाही. मी पंचेचाळिशीचा, जवळचं न दिसणारा आणि चष्मा शोधायलाही चष्मा लागणारा माणूस आहे. आमच्या घरात काशाच्या दोन वाट्या आहेत. जुळ्या. लग्नानंतर माझ्या आईने संसाराला म्हणून दिलेल्या. एक देवाच्या फळीवर असते, तिच्यात रोज सकाळी दूधसाखरेचा नैवेद्य. दुसरी खाली कोनाड्यात, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली, खोबरेलाच्या बाटलीशेजारी. ती पायाची. तळपायाला तेल लावायचं आणि वाटीचा तळ गोल गोल फिरवत राहायचं. तेल काळं पडत जातं, पायातली आग उतरते आणि माणूस शांत होतो. पायाच्या वाटीला काठाशी एक पोचा आहे आणि तिचा रंग ढगाळलाय. देवाची वाटी मात्र लखलखीत, इतकी की आमच्या सौभाग्यवतींच्या भक्तीचं कौतुक करावं.

एवढा फरक असताना कुणी चुकेल का? मी चुकलो. देवाची वाटी धुऊन कोनाड्यापाशी पालथी घातलेली होती, माझा हात तिच्यावर पडला, आणि मी नेहमीसारखा मागच्या अंगणात उन्हात जाऊन बसलो. डावा पाय झाला. उजवा निम्मा झाला. वाटी फिरवताना माझ्या अंगठ्याला तो पोचा लागतो, ही त्याची पाच वर्षांची सवय. परवा तो लागेचना. तेव्हा कुठे मी वाटी हातभर लांब धरून नीट पाहिली.

आमची ही घरात नव्हती. दळण आणायला गिरणीवर गेली होती. आता प्रश्न उरला उरलेल्या निम्म्या पायाचा. शास्त्रात याला काहीतरी उत्तर असेल, मला ते ठाऊक नाही. मी पाय पुरा केला. देवाचा अपमान व्हायचा तो होऊन गेला होता, त्यात आणखी पायाचा कशाला? आणि खरं सांगायचं तर ती वाटी फिरत होती फार सुरेख. लोण्यावरून फिरावी तशी.

थंडी आली हे मला खोबरेलाची बाटली सांगते. पंचांग, शेकोट्या, बायकांच्या अंगावरच्या शाली हे सगळं मागाहून. कार्तिक सरतासरता एके दिवशी सकाळी बाटलीच्या तळाशी पांढरा थर दिसतो. मग तो रोज बोटभर वर चढतो. पौषात बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही. तिला आपल्याबरोबर उन्हात घेऊन बसावं लागतं. आधी कडा सुटतात, मग आतला गोळा हलतो, बुडतो, तरंगतो, आणि एकदम सगळं पाण्यासारखं नितळ होतं. मला वाटतं माणसाचंही तसंच असतं. फक्त माणसाला कुणी उन्हात ठेवत नाही.

त्या थंडीतही बाटली अशीच गोठली होती. पाच वर्षं झाली. चाकणच्या पलीकडचं आमचं गाव सोडून मी पिंपरीला आलो होतो, एका नव्या कारखान्यात लागलो होतो, आणि पारूआत्यांच्या चार खोल्यांच्या रांगेतली एक खोली घेतली होती. पारूआत्या मूळच्या इथल्याच, सत्तरी गाठलेल्या. समोरच्या माळावर आपण हुरडा कसा खाल्ला ते सांगताना त्या हात करायच्या, आणि हात जायचा तो नेमका कारखान्याच्या धुराड्यावर. पलीकडे रूळ. गाडी गेली की आमच्या खोलीतली भांडी कुणी पाहुणा आल्यासारखी कुजबुजायची. रुळांच्या अलीकडच्या वाटेने निर्वासितांच्या वसाहतीतली एक बाई डोक्यावर पापडांची टोपली घेऊन यायची, आणि तिच्या मागून हिंगाचा वास यायचा.

कारखान्यात माझं काम हत्यारांच्या कोठारात. कोठाराला एक खिडकी, आणि खिडकीत मी. प्रत्येक कामगाराकडे त्याच्या नंबराचे पितळी बिल्ले असतात. त्याने बिल्ला द्यायचा, मी त्याला कानस द्यायची, आणि कानशीच्या जागी खिळ्यावर त्याचा बिल्ला अडकवायचा. कानस परत आली की बिल्ला परत. बिल्ल्याशिवाय मी सख्ख्या भावालाही हातोडा देणार नाही. आणि दुसरा नियम माझा स्वतःचा: हत्यार परत करताना पुसून करायचं, ड्रिलला तेलाचा हात लावून करायचं. लोक कुरकुरायचे. "अहो, उद्या पुन्हा घाणच व्हायचंय ना ते!" मी म्हणायचो, "उद्याचं उद्या. आज माझ्या खिडकीतून आत येतंय ते स्वच्छ येईल."

सुरुवातीला खिडकीत एक स्टूल होतं. पहिल्याच महिन्यात ते गेलं. आमच्या फोरमनना सगळे मोठे साहेब म्हणत. त्यांचं मत असं, की बसलेला माणूस उठायला वेळ लावतो, म्हणून त्याने मुळात बसूच नये. झालं. सकाळी सातच्या भोंग्यापासून दुपारी तीनच्या भोंग्यापर्यंत मी नव्या कोऱ्या सिमेंटच्या फरशीवर उभा. सकाळी ती फरशी अशी गार की वाटायचं पाय गुडघ्यापर्यंत कुणीतरी चोरून नेलेत. आणि घरी आलो की तेच पाय पेटलेले. अंग थंडीने काकडतंय, वरून घोंगडी हवी, आणि खाली तळपाय बादलीत बुडवून बसलेला मी. चिडचिडा. पोरींनी पाटी पुढे केली तर पाटीवर ओरडायचो.

तेव्हा हिने कोनाड्यातून ती वाटी काढली. "घासा. सासूबाई मामंजींचे घासायच्या."

"मग तू घास की."

"माझे दोन्ही हात भाकरीत आहेत. तुमचे दोन्ही रिकामे आहेत."

अशा रीतीने स्वतःचे पाय स्वतः घासणारा आमच्या घराण्यातला मी पहिला पुरुष ठरलो.

पहिले आठ दिवस मी पातेलं घासावं तसे पाय घासले. मग हात आपोआप सावकाश झाला. चारचं ऊन त्या दिवसांत फार शहाणं असतं; डोक्यावर बसत नाही, पायाशी येऊन बसतं. मी पाटावर, समोर बाटली, मांडीवर पाय. आणि एके दिवशी मी माझ्या पायाकडे पाहिलं. म्हणजे खरोखर पाहिलं. चाळिशी गाठेपर्यंत मी ते पाहिलेच नव्हते, वापरले होते. घोट्यापाशी लहानपणी विळा लागल्याची खूण होती. आणि अंगठा! बाहेरच्या बाजूला किंचित झुकलेला, नखाला उभी रेघ असलेला तो अंगठा माझ्या वडिलांचा होता. वडील जाऊन नऊ वर्षं झाली होती. रोज फोटोला हार घालत होतो, आणि ते इथे, माझ्याच चपलेत, बिनबोभाट राहत होते.

मी देवाचं करत नाही असं नाही. सकाळी आंघोळ करून फळीपुढे हात जोडतो, डोळे मिटतो, आणि मिटल्या डोळ्यांनी सातच्या भोंग्याचा विचार करतो. देवालाही ते कळत असणार. तो पडला भिडस्त, बोलत नाही. पण त्या उन्हात, वाटी फिरताना, माझ्या डोक्यात भोंगा वाजत नसे. काहीच वाजत नसे. आणि मग, कुठून कोण जाणे, एक विचार आला तो कायमचा घर करून राहिला. हे पाय मला कुठल्यातरी खिडकीतून मिळालेत. तिथे कुठल्यातरी खिळ्यावर माझ्या नंबराचा बिल्ला लटकतो आहे. एक दिवस मी हे परत करायला जाईन, आणि खिडकीतला तो विचारील, पुसून आणलेत का? तेलाचा हात लावलात का? मी रोज शंभर माणसांना हे विचारतो. मला कुणी विचारलं तर मी काय सांगू? आठ तास कारखान्याने वापरले, उरलेले घराने वापरले, जसे होते तसे टाकतोय, घ्या?

नाही. माझ्या खिडकीत मी हे चालवून घेत नाही. त्याच्याही खिडकीत चालणार नाही.

तर माझी पूजा ही. तिला मंत्र नाही, सोवळं नाही. आरती नसल्यामुळे शेवटी प्रसादही नाही. म्हणूनच बहुधा कुणी फिरकत नसे. फिरकत ते टवाळ. रांगेतल्या खोल्यांना मागचं अंगण एकच, त्यामुळे माझं सगळं उघड्यावर. "काय राव, पॉलिश चाललंय का?" "भाऊ, चेहरा बघायचाय का त्यात?" एकाने तर आपले बूट आणून शेजारी ठेवले. मी म्हटलं, "बिल्ला दे."

पारूआत्या मात्र हसत नसत. त्या भिंतीला टेकून बसायच्या, तोंडात सुपारी. एकदा म्हणाल्या, "व्हय रं, लई दुखत्यात?"

"उभं राहून राहून, आत्या."

"मंग देहूला जाऊन यी. देवळात त्यो बी हुबाच हाय. त्याला इचार कसं दुखत्यात त्ये." सुपारी या गालातून त्या गालात गेली. "समदी येत्यात न् त्याच्या पायावर डोकं आपटून जात्यात. आरं पर दाबून कोन देत न्हाई."

मी देहूला गेलो नाही. पण त्या दिवसापासून पाय घासताना मला कुणीतरी समोर उभं असल्यासारखं वाटायचं. दुखऱ्या पायांचं, आपल्यातलंच.

आणि मग मोठ्या साहेबांनी बोलावलं.

"तुम्हाला हेड स्टोअरकीपर करायचं चाललंय," ते म्हणाले. "टेबल मिळेल. खुर्ची मिळेल." खुर्ची म्हणताना त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं, असं मला उगाच वाटलं. "वसाहतीत दोन खोल्या मिळतील, आत नळ. फक्त ही थंडी जरा जास्त थांबायचं. तीनच्या भोंग्यानंतर रोज दोन तास. नवी मांडणी लावायचीय, उन्हाळ्यापर्यंत होईल."

माझ्या डोळ्यांपुढे खुर्ची आली. लगेच तिच्या मागून चारचं ऊन आलं, आणि ते मोकळ्या अंगणातून तसंच निघून जाताना मला दिसलं.

"साहेब, एक दिवसाआड चालेल?"

"का? संध्याकाळी दुसरीकडे काम धरलंय?"

"नाही."

"घरात आजारी आहे कुणी?"

"नाही साहेब."

"मग चार वाजता असतं काय?"

इथे कुणीही शहाणा माणूस आईला आजारी पाडतो. माझी आई तर केव्हाच देवाघरी गेलेली, बिचारी वरून कौतुकाने पाहत राहिली असती. पण माझ्या तोंडून खरं निघालं.

"पाय घासायचे असतात."

"कुणाचे?"

"माझे."

साहेबांच्या टेबलाशी दोघे उभे होते. ते हसायचे थांबेपर्यंत बातमी लेथपर्यंत गेली, आणि मी खिडकीशी परतलो तोवर माझं नवं नाव पडलं होतं. दुपारभर प्रत्येक जण बिल्ला पुढे करून गंभीर चेहऱ्याने म्हणत होता, "पादुका महाराज, एक हातोडा."

न हसणारे एकटे उस्मानभाई. लेथवरचे जुने कारागीर, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. कानस परत करायला आले. मी बघितलं, पुसलेली होती.

"तुम्ही नाही हसलात?"

"कशाला हसू राव? मी रोज सुट्टीत नळावर काय करतो? हात, तोंड, डोकं, आणि सगळ्यांत शेवटी पाय. पाय धुऊन झाले, की मग वरच्याला सांगायचं, आलो बाबा." त्यांनी बिल्ला खिशात टाकला. "मलाही विचारलं होतं साहेबांनी, रोज एवढं धुता काय? म्हटलं, साहेब, लेथ तुमचा, आठ तास तुमचे. ही जेवणाच्या सुट्टीतली दहा मिनिटं माझी. भाकरी कमी खाईन, ती नाही देणार." जाता जाता मागे वळून म्हणाले, "सोडू नका. एकदा आपण होऊन दिलं ना, की मागून परत मिळत नाही."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सांगितलं, जमणार नाही. ते म्हणाले, आठ दिवस विचार करा. घरी मी काही बोललो नाही. शौर्य बाहेर गाजवायचं असतं.

पण रविवारी अण्णा आले. अण्णा माझे थोरले भाऊ, चाकणला कांद्याच्या पेढीवर दिवाणजी. कपाळाला गंध, काखेत छत्री, आणि बरोबर पोतंभर कांदे. बातमी त्यांच्यापर्यंत कशी पोचली ते देव जाणे; कांद्याच्या गाड्या फार बोलक्या असाव्यात. छत्री कोपऱ्यात उभी करण्याआधीच म्हणाले, "खुर्ची नाकारलीस म्हणे?"

चूल फुंकणारी ही एकदम थांबली.

"कसली खुर्ची?" तिने विचारलं, आणि अण्णांनी सगळं सांगितलं. खुर्ची, दोन खोल्या, नळ. नळ हा शब्द आला तेव्हा हिने माझ्याकडे पाहिलं. रोज सकाळी पारूआत्यांच्या विहिरीवरून बारा कळश्या ही ओढत होती. मी मान खाली घातली. समोर पायच होते.

"अरे, देह नाशिवंत आहे," अण्णा म्हणाले.

"म्हणूनच घाई आहे, अण्णा."

"तेवढा वेळ देवाचं नाव घे. जपासाठी खुर्ची सोडली म्हणाला असतास, तर चार माणसांत सांगता तरी आलं असतं!"

"मग जपच करतो म्हणून सांगा."

"आणि करतोस काय?"

"तेच."

अण्णांनी हात टेकले. पण मला आता थांबवेना. म्हटलं, अण्णा, आपल्यात सगळ्यांच्या पायांचं होतं. देवाचे पाय आपण धुतो, पुसतो, गंध लावतो. वडीलधाऱ्यांच्या पायाला हात लावतो. माझे पाय आजवर एकदाच कुणी धुतले, लग्नात सासऱ्यांनी. ताम्हनात उभं करून, पुसूनसुद्धा. त्या एका दिवसाच्या मानावर हे पाय आजतागायत वापरात आहेत. कारखान्याला पाय पाहिजेत, घराला पाहिजेत, तुम्हाला कांद्याचं पोतं सडकेवरून आणायला पाहिजेत. दिवसातला अर्धा तास मी त्यांना विचारलं, बाबांनो कसे आहात, तर सगळ्यांच्या पोटात दुखतं. दुखू दे. देवाने मला विचारलं तर सांगेन, तुझीच वस्तू पुसत होतो.

अण्णा चहा न घेता निघाले, असं लिहिलं तर शोभून दिसेल. पण त्यांनी चहा घेतला, दोनदा घेतला, आणि मगच रागावून निघाले.

हिचा राग मात्र चहाने भागण्यातला नव्हता. तीन दिवस बोलणं बंद. म्हणजे भांडी बोलत होती, ही नव्हे. कळशी ठेवली की ठक. तांब्या ठेवला की ठक. मला त्या प्रत्येक आवाजात नळ ऐकू यायचा. अण्णांपुढे माझी छाती फुगली होती. या तीन दिवसांत ती पार बसली. माझी खुर्ची मी सोडली हे ठीक, पण तिचा नळ सोडायला मी कोण? चौथ्या दिवशी मी अंगणात गेलोच नाही. आत भिंतीशी बसून राहिलो.

"चार वाजले," ही म्हणाली. तीन दिवसांतलं पहिलं वाक्य.

"आज नको. उद्या साहेबांना हो म्हणून येतो. तुला नळ मिळेल."

"नळ मला हवाच आहे," ती म्हणाली. "नको असं मी कधी म्हणणार नाही. पण त्या नळाबरोबर रोज संध्याकाळी एक पेटलेला माणूस घरी येणार. पोरी त्याला बघून कोपऱ्यात बसणार. तो माणूस मी बघितलाय, मला तो पुन्हा नको. कळश्या मी ओढीन, हात माझे आहेत." मग वाटी आणि बाटली माझ्यापुढे आणून ठेवली, ठक. "उठा. ज्याच्यासाठी एवढं घालवलंत ते निदान नीट तरी करा. टाचा कुणी घासायच्या?"

मी उठलो.

"आणि ऐका. साडेचार ते पाच मी बसणार."

"कुठे?"

"तिथेच. उन्हात. त्या वेळात चहा, वेण्या, दळण, देवाची वात, काही म्हणजे काही मला विचारायचं नाही."

हिच्यापुढे माझं धाडस ते केवढं! पुरुष माणूस आपल्या अंगणात पाय घासत बसला, त्यावर लोक चार विनोद करणार आणि विसरणार. पण बाईमाणूस दिवसाउजेडी, हातातलं काम टाकून, स्वतःचे पाय मांडीवर घेऊन बसली, ही त्या रांगेत न घडलेली गोष्ट होती. तिने पदर नीट खोचला, पाट ओढला आणि बसली. पहिल्यांदा मी तिचे पाय पाहिले. जोडव्यांखाली कातडी पांढुरकी, मऊ, एखाद्या लहान मुलीच्या पायाची असावी तशी. बाकी सगळ्या भेगा. टाचेच्या भेगेत तर विहिरीवरची लाल माती कायमची बसलेली. माझे पाय आठ तास उभे राहायचे म्हणून मी केवढा गाजावाजा केला होता. हिचे किती तास उभे असतात हे मोजायला आमच्याकडे भोंगाच नव्हता.

कडेच्या खोलीतल्या वहिनी बाहेर आल्या. "अगंबाई, सुमनताई! ही कुणाची पूजा मांडलीत?"

ही मान वर न करता म्हणाली, "जिच्या पायांवर हे घर उभं आहे तिची."

वहिनींनी पारूआत्यांकडे पाहिलं. वयोवृद्ध बाई हिचे कान उपटेल या आशेने. पारूआत्या म्हणाल्या, "हुबी काय ऱ्हातीस? तुजा बी पाट आन."

वहिनींनी त्या दिवशी पाट आणला नाही. पुढच्या आठवड्यात आणला.

आत माझी साडेचार ते पाच ही वेळ काय वर्णावी! चहात मीठ पडलं. धाकटीची वेणी मी अशी घातली की ती सोडवायला हिला तिचा दुसऱ्या दिवशीचा अर्धा तास द्यायची वेळ आली होती. तिने तो दिला नाही. पोरगी दोन दिवस तशीच शाळेत गेली. दूध उतू जाताना मी दारातून हाक मारायला तोंड उघडलं, आणि तिचा चेहरा दिसला. डोळे अर्धे मिटलेले, ओठ काहीतरी पुटपुटत होते, का नुसते हलत होते कोण जाणे, हात फिरतोय, ऊन पायाशी. मी तोंड मिटलं. दूध गेलं तर गेलं. देवळातून कुणाला दुधासाठी हाक मारतात का?

ती खुर्ची पुढे दुसऱ्याला मिळाली. भला माणूस आहे, तो तिच्यावर बसतो आणि मी अजून खिडकीत उभा राहतो. नळ अजून आलेला नाही. कळश्या बाराच्या बाराच आहेत. त्यातल्या सहा आता मी ओढतो, आणि त्याबद्दलही टोमणे खातो. म्हणजे आम्ही हरलो, असं ज्यांना म्हणायचं त्यांनी खुशाल म्हणावं. इकडे रोज नवं कुंपण पडतंय, नवी धुराडी उठतायत. अण्णा म्हणतात, उद्या चाकणपर्यंत भोंगे ऐकू येतील. येऊ देत. सातचा भोंगा कारखान्याचा, तीनचा भोंगा कारखान्याचा. चार वाजता भोंगा होत नाही, आणि जोवर माझा हात चालतोय तोवर मी तो होऊ देणार नाही.

असो. हे सगळं परवा उन्हात बसून आठवत होतो, तेवढ्यात पुढचं दार वाजलं. ही दळण घेऊन आली. केसांवर पीठ, भुवयांवर पीठ. माझ्या मांडीवर देवाची वाटी, तिचा तळ काळाकुट्ट.

मी उभा राहिलो. साहेबांपुढे राहिलो होतो त्याहून सरळ. म्हटलं, "सुमन, माझ्याकडून फार मोठी चूक झाली." आणि सगळं सांगितलं; चष्म्याचं, पोच्याचं, निम्म्या पायाचं. म्हटलं, राखेने घासतो, चिंचेने घासतो, दूध घालून शुद्ध करतो, गुरुजींना विचारून येतो, नाहीतर दुसरी वाटी आणू.

तिने माझ्या हातातून वाटी घेतली. अंगठ्याने तळाचं काळं तेल पुसलं, अंगठा पदराला पुसला आणि म्हणाली, "ओरडताय कशाला? गेली दोन वर्षं मी तीच घेते."

"देवाची?"

"तुमच्या वाटीचा तळ खरखरीत झालाय, माझ्या भेगांत अडकतो. हिने घासते, मग राख लावून लख्ख करते आणि फळीवर ठेवते. देवाने एक दिवस नैवेद्य परत पाठवलेला नाही." तिने दळणाचा डबा खाली ठेवला, माझा पाट स्वतःकडे ओढला, आणि बाटली उन्हात धरून तेल नितळ झालंय का ते पाहत विचारलं, "खरं सांगा, आज पाय जास्त हलके झाले की नाही?"